एक ऑफिस, तीन संस्था: शिक्षणात काम करणाऱ्या लहान संस्थांनी जागा एकत्र कशी घ्यायची

आमच्या ऑफिसात सकाळी साडेदहाला आलात तर जेमतेम दोन-तीन माणसं दिसायची, आणि दुपारी दीडनंतर आलात तर बसायला खुर्ची मिळायची नाही. कारण साधं आहे, आमच्या ताया मुलांना वाचन शिकवायला सकाळच्या शाळेत जातात, मनपाची शाळा सुटली की डबा ऑफिसात येऊन खातात आणि मग रिपोर्ट, साहित्य, उद्याची तयारी. म्हणजे अर्धा दिवस रिकाम्या खुर्च्यांचं भाडं आम्ही भरत होतो. आणि त्याच रस्त्यावरची दुसरी एक संस्था, जी नववी-दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते, तिची माणसं सकाळी ऑफिसात आणि संध्याकाळी पाचनंतर वस्तीत. हे लक्षात आलं तिथून एकत्र जागेचा विचार सुरू झाला. नंतर बालवाडी ताईंचं ट्रेनिंग करणारी तिसरी संस्था आली. आता पुण्यात आम्ही तिघं एकाच छताखाली आहोत आणि बरेच जण विचारतात की कसं केलं, काय लिहून घेतलं, भाडं कसं वाटता. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. पैशाचा आणि कागदाचा भाग मुद्दाम लांब लिहिलाय कारण भांडणं तिथेच होतात, भिंतीचा रंग कुठला यावरून कुणी संस्था सोडून जात नाही.

आधी एक सांगते, की ही गोष्ट साधारण ५ ते २५ माणसांच्या संस्थेसाठी आहे. दोन-तीनच माणसं असाल तर घरून किंवा एखाद्या ओळखीच्या शाळेच्या खोलीतून काम करा, त्यात काही कमीपणा नाही. प्रथम या शिक्षणातल्या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या सुरू केल्या त्या देवळात, कुणाच्या घरात, मिळेल त्या जागेत भरायच्या. काम जागेसाठी थांबत नाही. पण माणसं वाढली, ऑडिट मोठं झालं, सीएसआरवाले (सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांची माणसं) भेटीला यायला लागले की पत्ता लागतो, कपाट लागतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे धड हिशोब ठेवणारं माणूस लागतं.

पहिली पायरी: वेळापत्रक बघून जोडीदार निवडा

बहुतेक जण मैत्रीवर जातात. अमुक संस्थेची ताई आपल्या ओळखीची, विचार जुळतात, चला एकत्र राहू. विचार जुळलेच पाहिजेत, पण त्याआधी तिघांनी एका कागदावर सोमवार ते शनिवार आणि सकाळी आठ ते रात्री आठ असा तक्ता काढा आणि आपापली किती माणसं कधी ऑफिसात असतात ते खरंखरं भरा. दोन आठवडे रोज मोजून भरा, अंदाजाने नको. आम्ही तिघांची मिळून ३१ माणसं होतो, आणि मोजल्यावर कळलं की एका वेळी १७ च्या वर कधी जात नाही, फक्त महिन्याचा पहिला शनिवार सोडून. त्या शनिवारी तिघांचीही मासिक मिटिंग असायची. मग एकाने पहिला, एकाने दुसरा, एकाने तिसरा शनिवार घेतला आणि प्रश्न मिटला.

दुसरं बघायचं ते म्हणजे कामाचा विषय. सगळे शिक्षणातलेच असावेत, पण अगदी एकच काम करणाऱ्या दोन संस्था एका ऑफिसात ठेवू नका. दोघांना पैसे देणारा फंडर एक, दोघांची शाळा एक, दोघांची नोकरीची जाहिरात एकच, मग मनं दुखावतात. तेच एक बालवाडीवाले, एक प्राथमिक वाचनवाले, एक माध्यमिकवाले असे असलात की मूल एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जातं आणि त्याचा खरोखर उपयोग होतो.

तिसरं, कागदपत्रं. लाजायचं नाही, एकमेकांची मागायची. ट्रस्ट किंवा सोसायटीचं रजिस्ट्रेशन, मागच्या ३ वर्षांचं ऑडिट, संस्थेच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीच्या आयकर नोंदण्या (जुन्या कायद्यातल्या १२एबी आणि ८०जी), सीएसआर-१ ही नोंदणी (कंपनीचा सीएसआर पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून हे लागतंच), धर्मादाय कार्यालयातले फेरफार अर्ज (विश्वस्त, पत्ता असं काही बदललं की करायचे ते) पेंडिंग आहेत का. ज्या संस्थेचं ऑडिट दोन वर्षं झालेलं नाही ती मनाने कितीही चांगली असली तरी आधी तिला ते पूर्ण करायला मदत करा, मग एकत्र जागा घ्या. उलट क्रमाने केलंत तर त्रास सगळ्यांना होतो.

दुसरी पायरी: जागा

पुण्यात बघत असाल तर चकचकीत इमारत नको, बस आणि मेट्रो बघा. फिल्डच्या ताया येरवड्याहून येतात, जनता वसाहतीतून येतात, हडपसरहून येतात, त्यांना रिक्षा परवडत नाही. वनाझ ते रामवाडी ही लाइन आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही लाइन, दोन्ही सिव्हिल कोर्टाला मिळतात, त्यामुळे शिवाजीनगर, मंडई, डेक्कन या पट्ट्यात चालत दहा मिनिटांवर काही मिळालं तर दुसऱ्या मजल्यावरची जुनी जागाही चालेल. लिफ्ट नसेल तर मात्र पुस्तकांचे खोके कोण चढवणार आणि ज्यांना जिना चढता येत नाही ते कसे येणार याचा आधी विचार करा.

सोसायटीतला टू बीएचके फ्लॅट स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण घेतात. तीन संस्था म्हणजे दिवसभर माणसांची ये-जा, पन्नास चपला दारात, ट्रेनिंगच्या दिवशी टाळ्या आणि गाणी. सोसायटीची लेखी एनओसी आणि जागेचा वापर ऑफिस म्हणून चालतो का हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आमच्याच आधीच्या जागेत आठ महिन्यांत खोली सोडायला सांगितलं, तेव्हा रंगवलेले सगळे तक्ते, फळ्या, कपाटं पुन्हा टेम्पोत भरली, ते दिवस आठवले तरी वाईट वाटतं.

एक पर्याय लोक विसरतात. जुन्या शिक्षण संस्थांकडे, ट्रस्टकडे पटसंख्या कमी झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या वर्गखोल्या असतात. त्यांना जाऊन भेटा. भाडं बाजारापेक्षा कमी असतं, अंगण असतं, पंखे-फळा असतो, आणि शाळेच्या आवारात काम करण्याचं सुख वेगळंच. फक्त एक लक्षात ठेवा, सार्वजनिक ट्रस्टला स्वतःची इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तेव्हा अशा जागी तीन वर्षांच्या आतला करार आणि त्या ट्रस्टचा विश्वस्त मंडळाचा ठराव, दोन्ही मागा. नुसतं अध्यक्षांनी हो म्हटलं हे पुरेसं नाही.

जागेचा आकार ठरवताना टेबलांपेक्षा मोकळी जमीन जास्त मोजा. आपल्या कामात माणसं खाली बसून चार्ट कापतात, कार्डं लॅमिनेट करतात, गोष्टीच्या पुस्तकांचे संच लावतात. सतरंजी टाकून २५ माणसं गोल बसतील एवढा एक हॉल, एक लहान खोली जिथे फोनवर नीट बोलता येईल, आणि कोरडं स्टोअर. एवढं असेल तर उरलेल्या जागेत टेबलं कशीही बसतात.

तिसरी पायरी: करार कोणाच्या नावावर

इथे थांबा आणि घाई करू नका.

सोपा वाटणारा मार्ग असा असतो की एक मोठी संस्था करार करते आणि बाकीच्या दोघी तिला दर महिन्याला पैसे देतात. ते पैसे मोठ्या संस्थेच्या खात्यात उत्पन्न म्हणून दिसतात, सीए विचारतो हे कसलं उत्पन्न, भाडं आहे का, जीएसटी लागू होतो का, मालकाने पोटभाडेकरू ठेवायला परवानगी दिली आहे का. आणि लहान संस्थांच्या हातात त्यांच्या नावाचं मालकाचं बिल नसतं, मग त्यांचा फंडर विचारतो. पहिल्या वर्षी आम्ही असंच केलं आणि मार्चअखेर तिघांच्या ऑडिटमध्ये तीन वेगवेगळे प्रश्न आले.

म्हणून आता सांगते, शक्यतो करारात तिन्ही संस्थांची नावं घाला आणि प्रत्येकीचा भाड्यातला आणि डिपॉझिटमधला वाटा आकड्यात लिहा. मालक तीन वेगळी बिलं देईल आणि तिघी आपापल्या बँक खात्यातून भरतील असं कलम घाला. मालकाला सुरुवातीला कटकट वाटते, पण त्याला समजावून सांगा की पैसे तीन ठिकाणांहून येणार म्हणजे एकाची ग्रँट अडकली तरी त्याचं सगळं भाडं अडकत नाही.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड असणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे सक्तीचं आहे, नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका. स्टॅम्प ड्युटी फार नसते. समजा महिना ४८,००० रुपये भाडं, ३६ महिने, आणि २ लाख परत मिळणारं डिपॉझिट. एकूण भाडं १७,२८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेली रक्कम तीन वर्षांची ६०,०००, बेरीज १७,८८,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ४,४७० रुपये. वर रजिस्ट्रेशन फी आणि एजंटचा खर्च. एवढ्यासाठी रजिस्ट्रेशन टाळणं शहाणपणाचं नाही, कारण हाच करार पुढे बँकेला, फंडरला, सगळ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो.

मालक जीएसटी रजिस्टर्ड असेल तर ऑफिसच्या भाड्यावर १८ टक्के वर येतात, आणि आपल्यासारख्या संस्थेला ते परत मिळत नाहीत, खर्चच होतो. हे बजेटमध्ये आधी धरा, भाडं ठरवतानाच विचारा की आकडा जीएसटी धरून आहे की सोडून. टीडीएस भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर कापायचा, १० टक्के. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, त्यामुळे जुने कलम नंबर आणि फॉर्म नंबर पाठ असतील तर ते सोडा आणि सीएकडून नवी यादी घ्या.

नोंदणीकृत पत्ता लगेच बदलू नका हा माझा सल्ला आहे. ट्रस्टचा पत्ता बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत फेरफार अर्ज, मग पॅन, दर्पण पोर्टल (संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल), बँक, आणि एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) असेल तर तिथे ४५ दिवसांत वेगळं कळवायचं. भाड्याची जागा तीन वर्षांनी बदलली की पुन्हा तेच. जुना नोंदणीकृत पत्ता राहू दे, इथलं कामकाजाचं ऑफिस म्हणून ठराव करा.

चौथी पायरी: खर्चाची वाटणी

तीन संस्था म्हणून सरळ तीन समान भाग केले तर लहान संस्था मरते. डोक्यांवर वाटलं तर मोठीला वाटतं की आपणच सगळ्यांना पोसतो, कारण हॉल, स्टोअर, नेट तर सगळेच सारखं वापरतात. आम्ही वर्षभर वेगवेगळं करून शेवटी मिश्र पद्धतीवर आलो आणि ती टिकली.

उदाहरण घ्या. भाडं ४८,०००, वीज ६,०००, नेट १,५००, साफसफाईच्या मावशी ७,५००, चहा-पाणी आणि किरकोळ ३,०००, एकूण ६६,०००. यातले ४० टक्के, म्हणजे २६,४००, तिघांत समान, प्रत्येकी ८,८००. उरलेले ३९,६०० कायम राखीव टेबलांवर. १२ टेबलं असतील तर एका टेबलाचे ३,३००. ज्यांची ६ टेबलं त्यांचे १९,८०० अधिक ८,८०० असे २८,६००. ज्यांची ४ त्यांचे २२,०००. ज्यांची २ त्यांचे १५,४००. बेरीज करून बघा, ६६,००० येते. बाकीच्या खुर्च्या कुणाच्याच नावावर नाहीत, येईल त्याने बसावं.

टेबलांची संख्या वर्षातून एकदाच बदलायची, एप्रिलमध्ये. मधेच कुणी चार माणसं भरती केली तर ती मोकळ्या खुर्च्यांवर बसतील. दर महिन्याला आकडा बदलला की फंडरच्या बजेटमध्ये बसत नाही आणि हिशोबवाल्या माणसाचा जीव जातो.

वीज बिल मालकाच्या नावावर असतं, नेट एकाच संस्थेच्या नावावर घ्यावं लागतं. अशा खर्चासाठी दर महिन्याला एका पानाचं वाटणीपत्रक करा, मूळ बिलाची झेरॉक्स, कुणाचा किती वाटा, तिघांच्या सह्या. एक पैसा वर घ्यायचा नाही, जेवढा खर्च तेवढाच वाटायचा. हे पत्रक तिन्ही संस्थांच्या व्हाउचर फाइलला लागतं. रोखीत देणंघेणं शून्य.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एका संस्थेची ग्रँट दोन महिने उशिरा आली की दुसरी म्हणते, राहू दे, आम्ही भरतो तुमचं, नंतर द्या. भावना फार चांगली आहे आणि हे करू नका. सार्वजनिक ट्रस्टला कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, उसने पैसेही त्यात धरले जाऊ शकतात. देणाऱ्या संस्थेलाही आयकरात पैसा कुठे ठेवायचा याचे नियम आहेत. आणि ते पैसे एफसीआरएचे असतील तर सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी दुसऱ्या कुठल्याही संस्थेला द्यायलाच बंदी आहे, ती संस्था एफसीआरए असली तरीसुद्धा. एफसीआरएच्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो आणि ऑफिसचं भाडं सहसा त्यात मोजलं जातं, म्हणून जिच्याकडे एफसीआरए आहे तिने आपला वाटा आपल्यापुरताच आणि मोजून भरावा.

मग अडचण आली तर काय? प्रत्येक संस्थेने सुरुवातीलाच तीन महिन्यांच्या वाट्याएवढी रक्कम स्वतःच्याच बँकेत वेगळी ठेवायची. वरच्या उदाहरणात सगळ्यात लहान संस्थेला ४६,२०० रुपये लागतील. ते जमवायला आमच्या एका जोडीदार संस्थेला सात महिने लागले, आम्ही तोवर थांबलो, आणि थांबलो ते बरं झालं कारण त्याच वर्षी त्यांचा मोठा हप्ता मार्चऐवजी जुलैत आला.

सीएसआरवाल्यांकडून भाड्याचा वाटा मागताना संकोच करू नका. बऱ्याच ठिकाणी ऐकवतात की प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो. सीएसआर नियमातली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही, कंपनी मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात हे सांगितलं आहे. त्या खुलाशाचं पान प्रिंट काढून ठेवा आणि नम्रपणे पुढे ठेवा. ताईंना बसायला जागा, पुस्तकं ठेवायला कपाट, हा मुलांच्या शिक्षणाचाच खर्च आहे.

पाचवी पायरी: हिशोबाचं माणूस

खरं सांगू का, भाड्यात आमचे फार पैसे वाचले नाहीत. वाचलं ते अकाउंटंटमध्ये. लहान संस्थेला पूर्ण वेळ चांगला अकाउंटंट परवडत नाही, मग कुणीतरी फिल्डची ताईच बिलं लावते, रात्री जागून यूसी (ग्रँट कशी वापरली याचा दाखला) बनवते, आणि सप्टेंबरमध्ये सीएसमोर रडकुंडीला येते. तिघांनी मिळून एक अनुभवी माणूस घेतला आणि तो ताण गेला.

पद्धत अशी. एका संस्थेत नोकरीला ठेवून बाकीच्यांनी पैसे द्यायचे, हे नको, पुन्हा तोच उत्पन्नाचा गुंता. अकाउंटंटशी तीन वेगळे करार करा, प्रत्येक संस्थेचे दिवस ठरवा, आमच्याकडे सोमवार-मंगळवार मोठी संस्था, बुधवार-गुरुवार दुसरी, शुक्रवार तिसरी. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे पासवर्ड, तीन कॅश पेट्या, तीन रंगांच्या फायली आणि शिक्के वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. हसू नका, चुकीचा शिक्का बसलेलं एक व्हाउचर निस्तरायला दीड दिवस जातो. आणि त्या माणसाला तिन्हींचे पगार माहीत असतात, देणगीदार माहीत असतात, त्यामुळे गुप्ततेचं एक पान सही करून घ्या आणि त्यांनाही मान द्या, वेळेवर फी द्या. बँकेचे व्यवहार मंजूर करायचे अधिकार मात्र प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या विश्वस्तांकडेच, ते कधीच या माणसाकडे देऊ नका.

भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा, तिघांचं एकच. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरणं, व्यवसाय कर, आयकर खात्याला देणगीदारांची माहिती ३१ मेपर्यंत, ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबर, रिटर्न ३१ ऑक्टोबर, एफसीआरएचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबर. या तारखा आमच्या भिंतीवर लाल रंगात असायच्या, तुमच्या सीएकडून चालू वर्षाच्या तपासून घ्या. एकीने फॉर्म भरला की दुसरीला आठवण होते, एकत्र बसण्याचा हा मोठाच फायदा आहे.

सहावी पायरी: साहित्य, पाऊस आणि जून महिना

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे मे महिन्यात तिन्ही संस्थांचं छापील साहित्य, पुस्तकं, किट एकाच वेळी ऑफिसात येऊन पडतं. आणि त्याच वेळी पाऊस. पहिल्या जूनमध्ये आमचे चारशे वाचनपाठ खालून ओले होऊन चिकटले. तेव्हापासून जमिनीवर खोका ठेवायचा नाही, लाकडी फळ्या किंवा पॅलेट, भिंतीपासून वीतभर अंतर, प्रत्येक खोक्यावर संस्थेच्या रंगाची पट्टी आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि महिन्यातून एकदा सगळं उन्हात. प्रेसवाल्याशी बोलताना तिघांच्या तारखा पंधरा दिवसांच्या फरकाने घ्या, म्हणजे स्टोअर पुरतं. लॅमिनेशन मशीन, पेपर कटर, कलर प्रिंटर एकेकच पुरतो, विकत कुणी घेतलं त्याच्याच मालमत्ता रजिस्टरमध्ये लिहा, बाकीच्यांनी कागद आणि शाई आपली आणायची. तिघांत मिळून मशीन विकत घेऊ नका, सोडताना ते कापता येत नाही.

सातवी पायरी: माणसांची आणि मुलांची सुरक्षा

ज्या संस्थेत १० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्वतःची अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. एकत्र ऑफिस म्हणून तिघांत एकच समिती चालेल असं धरू नका. पण तिघांच्या आपसातल्या करारात (एमओयू) हे जरूर लिहा की तक्रार दुसऱ्या संस्थेच्या माणसाविरुद्ध असेल तर ती संस्था चौकशीला पूर्ण सहकार्य करेल, माणूस पाठवेल, कागद देईल. समितीच्या सदस्यांची नावं तिन्ही संस्थांची दारालगतच लावा, साफसफाईच्या मावशींनाही वाचून दाखवा, त्याही या कायद्याखाली येतात.

मुलं ऑफिसात येत असतील, वाचनालयाला म्हणा की शनिवारच्या शिबिराला, तर बाल संरक्षणाचे नियम मात्र तिघांनी एकच करा. मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नाही, फोटो पालकांच्या संमतीशिवाय नाही, आणि काही घडल्याचं कळलं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आधी आपापसात मिटवू असं चालत नाही. मुलांची माहिती, हजेरी, चाचण्यांचे गुण, घरची परिस्थिती, हे दुसऱ्या संस्थेच्या माणसाला सहज दिसेल असं टेबलावर ठेवू नका. लॅपटॉपला पासवर्ड, कपाटाला कुलूप. एकाच ऑफिसात आहोत म्हणून मुलांची यादी एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करणं ही चूक फार सहज होते.

आठवी पायरी: एकमेकांना खरा आधार

ऑफिसच्या मोठ्या भिंतीवर आम्ही पुण्याचा नकाशा लावला आणि प्रत्येक संस्थेने आपल्या शाळा-वस्त्यांवर आपल्या रंगाच्या टाचण्या लावल्या. पहिल्याच दिवशी दिसलं की एका शाळेत आमच्यासकट दोन संस्था एकाच वर्गात जात होत्या आणि पलीकडच्या दोन शाळांत कुणीच नव्हतं. मुख्याध्यापिका बाई बिचाऱ्या दोघींनाही नाही म्हणू शकत नव्हत्या. आम्ही एक शाळा सोडली आणि पलीकडे गेलो. सगळ्या एकत्र राहण्यातलं हे मला सर्वात मोलाचं वाटतं.

दर शुक्रवारी दुपारी तीनला एक तास, एका संस्थेने आपल्या कामातलं एक अडलेलं सांगायचं. प्रेझेंटेशन नाही, वर्गातली खरी गोष्ट. तिसरीतलं मूल अक्षरं ओळखतं पण शब्द जुळवत नाही, काय करता? बालवाडीच्या ताईंकडे त्याचं उत्तर असतं, त्या आवाजांचे खेळ घेतात. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान आल्यापासून सगळेच पायाभूत वाचनावर बोलतात, पण दोन टेबलांपलीकडे बसलेल्या माणसाकडून शिकण्यासारखं असतं ते कुठल्या पुस्तिकेत मिळत नाही.

फंडरबाबत एकच नियम, लपवायचं नाही. दोघींना एकाच कंपनीकडे अर्ज करायचा असेल तर आधी सांगायचं. दोघींनी करा, पण दुसरीचं बजेट बघून आपलं कमी करायचं नाही. फंडरची भेट असेल त्या दिवशी ती संस्था हॉल घेते, बाकीचे आवाज कमी ठेवतात, आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात की इथे तीन संस्था आहेत, म्हणजे दुसऱ्यांची माणसं आपली म्हणून मोजली जात नाहीत.

बाहेरचा आधारही घ्या. मुंबईची आत्मा ही संस्था शिक्षणातल्या संस्थांना मोठं व्हायला मदत करते, अनलिमिटेड इंडिया सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना मदत करते, बंगळुरूच्या द-नज या संस्थेत इन्क्युबेशन (नव्या संस्थांना उभं राहायला मदत) आहे. तिघांतली एक संस्था अशा कार्यक्रमात गेली तर शिकून आल्यावर तिने शुक्रवारच्या तासाला बाकीच्यांना शिकवायचं, असं आम्ही ठरवून टाकलं. एचआर पॉलिसी, पगाराची श्रेणी, बोर्ड मिटिंगची पद्धत, हे सगळं असंच एकीकडून दुसरीकडे आलं.

नववी पायरी: सोडून जायचं कसं, हे पहिल्याच दिवशी

एमओयू चार पानांचा पुरतो, वकिली भाषा नको, पण सोडून जाण्याचं पान पूर्ण लिहा. आमच्यात हे आहे: ३ महिन्यांची लेखी नोटीस. मार्च आणि सप्टेंबरमध्ये कुणी निघायचं नाही, तेव्हा सगळ्यांचं ऑडिट आणि हप्ते असतात. जाणाऱ्या संस्थेने नवी संस्था शोधायला मदत करायची, पण पसंती राहणाऱ्यांची. डिपॉझिटचा वाटा मालकाकडून जाणाऱ्याला परत आणि नव्याकडून मालकाला, राहणाऱ्या संस्थांच्या खात्यातून तो फिरवायचा नाही. मालकाशी करारात नाव बदलण्याचं पुरवणीपत्र रजिस्टर करायचं, त्याचा खर्च जाणाऱ्याचा.

मग बारीकसारीक पण त्रासदायक गोष्टी. जाणाऱ्या संस्थेने गुगल मॅपवरचा पत्ता, दर्पण, बँक, लेटरहेड एका महिन्यात बदलायचं. सहा महिने त्यांचं टपाल आलं तर राहणाऱ्यांनी फोटो काढून कळवायचं आणि एका ट्रेमध्ये ठेवायचं, आयकराची नोटीस अशाच टपालात हरवते. टॅलीचा बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घेऊन आपल्या कंपनीची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढायची, तेव्हा दोन्ही संस्थांचं एकेक माणूस हजर हवं. चाव्या मोजून परत. आणि नकाशावरच्या टाचण्या तशाच राहू द्यायच्या, कारण ती संस्था ऑफिस सोडून गेली तरी त्या शाळांत काम करतच असते, आणि उरलेल्यांना ते दिसत राहायला हवं.